पडद्यावरचा मोबाईल

प्रश्न : सुभेदारसाहेब, रविवार पेठेत आमची सराफी पेढी आहे. .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना काढून चार वर्षं झाली. रेंजवर माझा नेम चांगला आहे. गेल्या महिन्यात सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर प्रसंग दाखवून नकली शस्त्रानं, सराव केला. पडद्यावरच्या माणसानं खिशातून हात काढताच मी गोळी झाडली. त्याच्या हातात मोबाईल होता. तेव्हापासून झोप उडाली आहे. शस्त्र परत करावं का?
– एक सराफ, पुणे

उत्तर : झोप उडाली हे चांगलं लक्षण आहे. त्या माणसाला तुम्ही पडद्यावर मारलंत, पेढीत नाही. सिम्युलेटर असतो तो याचसाठी.

निवृत्तीनंतर मी बँकांच्या सशस्त्र रखवालदारांना शिकवायचो, तेव्हा स्वतः पहिल्यांदा त्या अंधाऱ्या खोलीत उभा राहिलो. हातात गॅसवर खऱ्यासारखा धक्का देणारं नकली पिस्तूल, समोर भिंतभर पडदा. प्रसंग पार्किंगमधला होता. एक पोरगा चाकू घेऊन अंगावर आला. मी गोळ्या झाडल्या आणि शिक्षकाला छातीठोकपणे सांगितलं, "दोन." त्यानं चित्रण परत लावलं, तर चार होत्या. चौथी जिन्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या खांद्याजवळून गेली होती. तिच्या हातात दुधाची पिशवी होती. मला ती बाई दिसलीच नव्हती! चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी. आणि त्या सगळ्यात माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

जिवावर बेतलं की नजर समोरच्या हातावर खिळते, आजूबाजूचं दिसेनासं होतं, आवाज दबल्यासारखे येतात, मोजणी चुकते. कागदी लक्ष्यावर श्वास रोखून नेम धरताना यातलं काहीच होत नाही. म्हणून रेंजवरच्या नेमाचा हवाला मला देऊ नका.

सिम्युलेटरवर पुन्हा जा, पण गुण मोजायला नको. आधी ओरडायला शिका. "थांब! हात दाखव!" हे पोटातून, मोठ्यानं. आपल्याकडे माणसं लाजतात, पडद्याशी काय बोलायचं म्हणून. पण ओरडलात की समोरच्याला हात दाखवायला क्षण मिळतो आणि तुम्हाला तो हात बघायला. तोवर बोट चापावर नको, बाहेर चौकटीला लावून सरळ ठेवा. शिक्षकाला सांगा, एकही गोळी न झाडता संपणारे प्रसंग जास्त लावा. आणि एक ध्यानात असू द्या, पडद्याकडून उलटी गोळी येत नाही. तिथली हिंमत पेढीत आणू नका.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. दरोडेखोर पाठ फिरवून पळत असेल, जिवाची भीती सरली असेल, तर त्याच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. ऐवज जातो त्याचा जीव तुटतो, कळतं मला. तरीही नाही.

शस्त्र परत करायचं की नाही, हे आत्ता ठरवू नका. आधी एका रात्री शटर ओढल्यावर कारागिरांना आणि गल्ल्यावरच्या मुलाला थांबवून घ्या. रिव्हॉल्व्हर रिकामं करून तिजोरीत कुलूपबंद. मग तुमच्या नेहमीच्या जागी उभे राहा आणि बघा, दाराच्या रेषेत कोण कोण येतं. माझा अंदाज, बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक येईल आणि काचेपलीकडून रस्त्यानं जाणारी माणसंही. मागच्या दारानं कोणी कोणाला बाहेर काढायचं, धोक्याचं बटण कोणी दाबायचं, ११२ ला फोन कोणी लावायचा, हे नावानिशी ठरवा. बटण तुमच्या हाताशी असेल तर ते गल्ल्याखाली मुलाच्या पायाशी हलवून घ्या.

हे झालं की मला परत लिहा. त्या रेषेत किती माणसं आली तेही कळवा.