शनीची काडी आणि आजींची अरुंधती : वाचकांचे प्रश्न

या वेळी दुर्बिणीबद्दल बरीच पत्रं आलीत, दिवाळीत घरोघरी खरेदी झालेली दिसतेय, आणि बहुतेक सगळी आपल्या इंदूरचीच. त्यातली तीन घेतेय.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरला राहतो, मागे थोडं अंगण आहे, वर गच्ची. मुलांसाठी ११४ मिमीची दुर्बीण घेतली, पेटीवर ६७५ पट लिहिलंय. पहिल्या रात्री सगळे वर जमलो, आई (वय ७२) पण शाल गुंडाळून आली. मी तासभर नुसतं फिरवत बसलो, काही सापडेना, शेवटी चंद्र सापडला तर तो पण थरथरत होता. तोवर धाकटा (९ वर्षं) झोपला, मोठी मोबाइल घेऊन खाली गेली. तेव्हापासून दुर्बीण कोपऱ्यात आहे. पैसे वाया गेले का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही! ११४ मिमीचा आरसा घरच्यांसाठी मस्त आहे, आणि तुम्ही आईंनासुद्धा वर घेऊन गेलात हे वाचून फार बरं वाटलं.

आधी ते ६७५ विसरा. तुमच्या नळीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) बहुतेक ९०० मिमी असणार, त्याला ४ मिमीची आयपीस, म्हणजे डोळा लावतो ते छोटं भिंग, लावली की ९०० भागिले ४, २२५ पट, वर तिप्पट करणारी बार्लो भिंग लावली की झाले ६७५, नुसता गुणाकार आहे तो. आरसा जेवढ्या मिमीचा त्याच्या साधारण दुप्पट पट झेपतं, म्हणजे तुमच्याकडे २२८ आणि तेही हवा अगदी शांत असेल तर. त्याच्यावर गेलं की चित्र मोठं होतं पण सगळं पिठल्यासारखं दिसतं, आणि नुसतं श्वास सोडला तरी हलतं. म्हणून ४ मिमीची आयपीस आणि बार्लो सध्या कपाटात ठेवा. पेटीत २५ मिमीची आयपीस असेल ती लावा, ३६ पट, त्यात अख्खा चंद्र मावतो. मग हवं तर १० मिमी, ९० पट. आम्ही आमच्या घरी दहातल्या नऊ रात्री या दोनांवरच काढतो.

दुसरं म्हणजे शोधाशोध घरच्यांसमोर करू नका, ते काम एकट्याने आणि दिवसाउजेडी उरकायचं. वरची जी छोटी शोधक दुर्बीण असते ती आणि मोठी नळी एकाच दिशेला बघत नसतील तर तासभर काय, रात्रभर काही सापडणार नाही. संध्याकाळी पाचला लांबची एखादी पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर धरा, मोठ्या नळीत तो मधोमध आणा (उलटा दिसेल, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं, बिघाड नाही), मग शोधकाचे स्क्रू फिरवून त्याची फुली त्याच टोकावर आणा. झालं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि खरं सांगू का, निम्म्या दुर्बिणी एवढं केलं नाही म्हणून कोपऱ्यात जातात.

थरथर दोन कारणांनी होते. एक म्हणजे गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, रात्री त्यातून गरम हवा वर येत राहते, शिवाय कुणी चाललं की सगळं हलतं. तुम्हाला मागे अंगण आहे तर तिथेच मातीवर लावा नं. दुसरं, खोलीतून काढून लगेच बघू नका, आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला अर्धा तास तरी लागतो, तेवढ्यात जेवणं उरका.

आणि आईंसाठी खुर्ची. उभ्याने वाकून एक डोळा मिटायचा हे या वयात होत नाही, मग त्या दिसलं नसलं तरी "दिसलं हो दिसलं" म्हणतात आणि बाजूला होतात. नळीच्या कड्या सैल करून नळी स्वतःभोवती फिरवता येते, आयपीस खुर्चीत बसल्या बसल्या डोळ्यासमोर येईल अशी फिरवून घ्या. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की चालतं, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवायचा. फोकस ज्याचा त्याने करायचा, तुमचा फोकस त्यांना चालणार नाही, आणि तो फिरवायचा कसा हे सगळ्यात आधी आईंना शिकवा.

बघायचं काय? एका रात्री एकच गोष्ट. सुरुवात चंद्रापासून, पण पौर्णिमेचा नको, त्या दिवशी ऊन समोरून पडतं त्यामुळे सावल्याच नसतात, सपाट थाळी दिसते. शुक्ल चतुर्थी ते दशमी हे दिवस धरा, उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात. नवमी-दशमीला कोपर्निकस नावाचं विवर त्या सीमेजवळ येतं, ९३ किमी रुंद, मुलांना सांगा आपण इंदूरहून उज्जैनला जातो त्याच्याहून खूप लांब, आणि हा नुसता एक खड्डा आहे. माझा भाचा हे ऐकून गप्पच झाला होता, मग म्हणाला पुन्हा बघू दे.

त्यानंतर गुरू. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात आम्ही गुरूचे चंद्र मांडायला लागलो, मधे एक गोल आणि बाजूला ठिपके. आज दोन डावीकडे दोन उजवीकडे, उद्या तीन एकीकडे, परवा एक गायबच, म्हणजे गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला किंवा त्याच्या सावलीत. आपल्याला दिसणाऱ्या या चार मोठ्या चंद्रांत सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, चौघांत सगळ्यात बाहेरच्या कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं, रोज ठिपके काढले आणि त्यावरून ओळखलं की हे गुरूभोवती फिरताहेत. आमच्याकडे अर्धा लिटर जास्त घेतलं त्याच्या शेजारी चार चंद्र असं महिनाभर चाललं, आणि मोबाइलवाली मोठी मुलं या ठिपक्यांना बरोबर अडकतात, करून बघा.

रस्त्याच्या एलईडी दिव्यांची फार काळजी करू नका, चंद्र-गुरू-शनीला त्याने फरक पडत नाही. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका नीट बघायची असेल तर मात्र एखाद्या अमावास्येच्या आसपास महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे गाडी काढा.

एक गोष्ट कुणी विचारली नाही तरी सांगते. सूर्याकडे दुर्बीण कधीही नाही, एक क्षणसुद्धा नाही, डोळा कायमचा जातो. काही पेट्यांत आयपीसला लावायची काळी सन फिल्टर येते, ती उष्णतेने तडकते, आजच्या आज फेकून द्या. आणि दिवसा शोधक जुळवताना मूल एकटं दुर्बिणीपाशी ठेवायचं नाही.

प्रश्न : २०२५ मध्ये मुलीला हौसेने शनी दाखवला, कडी काही दिसेना. ती म्हणाली, बाबा याला तर काडी टोचलीय. दुर्बीण बिघडलीय का? (राजेंद्र नगर)

उत्तर : मुलीने अगदी बरोबर बघितलं! कडी रुंदीला प्रचंड पण जाडीला फारच पातळ, आणि मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला बरोबर कडेवरून दिसायच्या स्थितीत आली, ते वर्षभर ती बारीकच होती. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, त्यामुळे साधारण १५ वर्षांनी एकदा असं होतं. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीला दोन्ही बाजूंना कान असल्यासारखं दिसलं आणि १६१२ मध्ये ते कान गायब, तो पार चक्रावला, ही कडी आहे हे हॉयगेन्सने १६५९ मध्ये सांगितलं. आता दरवर्षी ती उघडत जाणार, २०३२ च्या सुमाराला सगळ्यात मोकळी. दरवर्षी एकदा मुलीकडून चित्र काढून घ्या, तारीख घालून.

प्रश्न : मी ७४ वर्षांची, रामबागेत राहते. माझ्या लग्नात गुरुजींनी अरुंधती दाखवली तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं, सगळे वाट बघत होते म्हणून दिसली म्हटलं. नातवाकडे आता दुर्बीण आहे. दिसेल का हो आता?

उत्तर : आजी, नक्की दिसेल. एप्रिल-मेमध्ये, गच्चीवर गाद्या घालायचे दिवस आले की, रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे तोंड करून बसा. सप्तर्षी चांगले वर आलेले असतील. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी चिकटून अरुंधती. नातवाला २५ मिमीची आयपीस लावायला सांगा, दोघं एकाच वेळी आणि चांगले सुटे दिसतील. आणि मग वसिष्ठाकडे जरा जास्त वेळ बघा, तो एक नाहीये, दोन तारे आहेत, एक ठळक आणि एक थोडा मंद. हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, गुरुजींनाही तेव्हा दिसलं नसणार. त्या दोघांतही आणखी जोड्या लपलेल्या आहेत, अरुंधतीलाही एक छोटा जोडीदार आहे, सगळे मिळून सहा, पण ते आपल्या दुर्बिणीत वेगळे नाही दिसायचे.

ही मंडळी आपल्यापासून ८० प्रकाशवर्षांहून जरा लांब आहेत. म्हणजे त्या रात्री तुमच्या डोळ्यात जो उजेड येईल तो तुमच्या जन्माच्या आधी निघालेला असेल, तुमच्या लग्नाच्या रात्री तो वाटेतच होता. बघून झालं की मला कळवा, आणि या वेळी दिसली तरच दिसली म्हणा हं.