हॉलमधला मोशन सेन्सर दुपारी चारला उगाच का वाजतो

नागपूरचं घर मे महिन्यात बंद राहणार, पश्चिमेच्या खिडकीसमोरचा सेन्सर दुपारी चारला आपोआप वाजतो, आणि इन्स्टॉलरने त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करून दिली, असं तुम्ही लिहिलंय. ती आधी होती तिथे परत आणा. चारला तो वाजतो तो त्या खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे. सेन्सिटिव्हिटी कमी करून चोर सुटेल, उन्हाचा त्रास नाही.

तुमच्याकडचा मोशन सेन्सर पीआयआर, म्हणजे उष्णतेच्या किरणांवर चालणारा. त्याला माणूस दिसत नाही, मागच्या भिंतीपेक्षा गरम किंवा थंड असलेलं काहीतरी सरकलेलं कळतं. त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३३-३५ अंशांचा असतो. बंद खोली रात्रीही तेवढीच तापलेली असली की फरकच उरत नाही. म्हणून मॉडेल टेंपरेचर कॉम्पेन्सेशनवालंच (खोली तापली की आपली सेन्सिटिव्हिटी आपणच जुळवून घेणारं) हवं, डेटाशीटमध्ये बघून घ्या.

आता जागा. खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून २.१ ते २.४ मीटरवर बसवा, म्हणजे उन्हाकडे त्याची पाठ राहील. आत येणारा माणूस सेन्सरच्या समोरून आडवा जायला हवा. थेट सेन्सरकडे चालत आलेला उशिरा पकडला जातो. समोर कूलर, फ्रिजची मागची बाजू किंवा हलणारा पडदा नको. काचेपलीकडचा माणूस पीआयआरला दिसत नाही, त्यामुळे गॅलरीवर नजर ठेवण्यासाठी तो आतून लावण्यात अर्थ नाही.

खोट्या अलार्मचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे पाल आणि कोळी. सेन्सरच्या पुढच्या लेन्सवरून चालणारी पाल इतकी जवळ असते की तीही माणसाएवढी मोठी ठरते. वायर येते ते भोक आणि डबीमागची फट सिलिकॉनने बुजवा. आतल्या सेन्सरच्या बारक्या काचेला बोट लावू नका.

बसवल्यावर वॉक टेस्ट करा, म्हणजे खोलीत चालून तो पकडतो का बघा. वायरलेस सेन्सर बॅटरी वाचवायला एकदा हालचाल दिसली की दोन-तीन मिनिटं झोपतात, आणि लोक "चालतच नाही" म्हणून तो बदलून आणतात! टेस्ट मोड लावा, नाहीतर खोली रिकामी ठेवून तेवढा वेळ थांबा. चाचणी भर दुपारी, खोली तापलेली असताना घ्या. सकाळी सगळेच सेन्सर पास होतात. झाल्यावर हालचाल दिसली की पेटणाऱ्या एलईडीचा जंपर (आतल्या पिनांवरची छोटी टोपी) काढा, पाहुण्याला आपली रेंज कशाला दाखवायची.

दर तीन महिन्यांनी लेन्स ओलसर मऊ कापडाने पुसा. स्पिरिट, काचेचा स्प्रे नको, ती प्लॅस्टिकची असते आणि धुरकट होते. वायरलेस सेन्सरमधला सीआर१२३ए सेल (छोटी लिथियम बॅटरी) घर बंद करण्याआधीच बदला. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे. वायरवाला सेन्सर असेल तर मल्टिमीटरने सेन्सरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, पॅनेलवर (अलार्मच्या मुख्य पेटीवर) नाही. लांब बारीक वायरीत ते गळतं. वीज गेल्यावर पॅनेल ज्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, तीही मेन स्विच बंद करून दोन तास चालवून बघा.

आणि मुख्य दार व मागच्या दाराला मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट (दार उघडलं की कळवणारा चुंबकी स्विच) लावा. त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच.