मॉरिसच्या दिव्यांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : वडिलांची 1956 ची मॉरिस मायनर माझ्याकडे आहे. रविवारी पहाटे फेरी मारतो, रॅलीलाही नेतो. दिवे फारच मंद आहेत. एलईडी बल्ब, वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी नव्या पद्धतीचा ऑल्टरनेटर आणि अर्थ (बॅटरीचे जे टोक गाडीच्या बॉडीला जोडतात ते) बदलून देणे, असे मिळून गॅरेजवाल्याने 58,000 रुपये सांगितलेत. गाडीची किंमतही वाढेल म्हणतो. अडीअडचणीसाठी ठेवलेली 2 लाखांची एफडी मोडावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मोडू नका. ती एफडी दवाखान्यासाठी आहे, दिव्यांसाठी नाही. पण तुमचे दिवे सुधारायला हवेत हेही खरे, तेव्हा त्या 58,000 ची गाठ जरा सोडवून बघू.

आधी दिवे मंद का, ते पाहा. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पायाखालच्या डिपरच्या बटणातून फिरून पुढे जातो, तोही जुन्या वायरीतून. बल्बच्या टोकाशी मल्टीमीटर लावायला सांगा. 12 च्या जागी साडेदहा व्होल्ट मिळाले, तर प्रकाश आठव्या हिश्शाने नाही, तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो. इलाज म्हणजे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), जाड वायर आणि फ्यूज. चार-पाच हजारांचे काम, मूळ वायरिंगला हात न लावता होते. कोटेशनमध्ये नेमके हेच नाही.

आता एलईडी. ते वाईट नाहीत. 45 वॅटचे दोन बल्ब साडेसात अँपिअर ओढतात. तुमचा डायनॅमो जोरात फिरला तरी वीसेकच देतो आणि सिग्नलला गाडी उभी असताना जवळपास काहीच देत नाही. एलईडीची जोडी निम्म्याहून कमी करंटवर भागते. म्हणजे एलईडी घेतले की ऑल्टरनेटरची गरजच उरत नाही! हा माणूस तुम्हाला औषधही विकतोय आणि ते घेतल्यावर न होणाऱ्या आजाराचे ऑपरेशनही.

राहिला अर्थ. मॉरिसची बॉडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडलेली असते, त्यामुळे बाजारातला साधा एलईडी पेटत नाही, कधी जळतोही. पण दोन्ही अर्थवर चालणारे बल्ब मिळतात. तेच मागा. एलईडीची चिप जुन्या फिलामेंटच्या जागीच बसायला हवी, नाहीतर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री भिंतीसमोर गाडी लावून दिवे खालच्या झोतावर (डिपवर) लावा. उजेड छताकडे चढला तर बल्ब परत करा. परत घेणार असेल तरच पैसे द्या. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

किंमत वाढेल म्हणतो ते मला पटत नाही. अशी गाडी घेणारा मूळ डायनॅमो शोधतो, वळताना इशारा म्हणून दारामागच्या खांबातून हात बाहेर काढणारे ते ट्रॅफिकेटर चालतात का बघतो. (मला स्वतःला ते भारी आवडतात.) 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीची विंटेज नोंदणी 20,000 रुपयांत 10 वर्षांसाठी होते. मात्र तो नंबर घेतला की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारची मिसळ बंद. माझ्या मते तुम्ही ती नोंदणी एवढ्यात घेऊ नये.

ती न घेण्याचे दुसरे कारण कराचे. वैयक्तिक वापराच्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण वापर सिद्ध करावा लागतो. 1983 मध्ये 20,000 रुपयांना घेतलेली 1931 ची फोर्ड एकाने 21 लाखांना विकली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2025 मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. गाडी वापरण्याजोगी होती एवढे पुरले नाही, ती स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता. तुम्ही दर रविवारी वापरता, पण कागद कुठे आहे?

म्हणून असे करा. या महिन्यात रिले आणि वायरिंग, खर्च पगारातून. दोन महिने चालवून बघा, उजेड पुरला तर तिथेच थांबा. नाही पुरला तर एलईडीची जोडी घ्या आणि जुने बल्ब डब्यात जपून ठेवा. ऑल्टरनेटरला नाही म्हणा. आणि प्रत्येक वेळी पक्के बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. पेट्रोलच्या पावत्याही त्याच फाइलमध्ये लावा.