घोरण्यासाठी मापाचं माउथपीस: माप देण्याआधी झोपेची तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, घोडबंदरला घर, गाडीने रोज ऐरोलीला नोकरीला. घोरण्याला वैतागून वहिनी हॉलमध्ये झोपायला लागल्यात. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथपीस घ्यावं, की दातांच्या डॉक्टरांनी सुचवलेलं मापाचं, जे त्याच्या कितीतरी पट महाग आहे? आणि त्याने घोरणं खरंच थांबतं का?

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. ठाण्यात डेंटल लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय. कवळ्या, कॅपा, नाइट गार्ड आणि हल्ली ही घोरण्याची साधनंही आमच्या टेबलावरून जातात. त्यामुळे वस्तूबद्दल जरा जास्तच बोलेन.

घ्यायचं तर मापाचंच घ्या. पण तुमच्या प्रश्नातलं मला खटकलं ते दुसरंच. ‘माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो की डोळे मिटतात’ असं तुम्ही हसण्याची खूण टाकून लिहिलंय. स्टिअरिंगवर येणारी डुलकी हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मोठ्याने घोरणं आणि दिवसा झोप अनावर होणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्यायची. म्हणजे झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू क्षणभर जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. वहिनींना विचारा: घोरता घोरता एकदम शांतता होते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, असं होतं का? बीपी असेल, मान जाड असेल, सकाळी डोकं जड असेल, तर शंका आणखी पक्की.

म्हणून पहिली पायरी झोपेची तपासणी. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो झोपेच्या विकारांचं काम करणाऱ्यांकडे. हॉस्पिटलात एक रात्र झोपून सविस्तर तपासणी होते, नाहीतर घरी मशीन देतात, बोटाला आणि छातीला लावून झोपायचं. रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला. ५ च्या आत असेल तर नुसतं घोरणं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. नुसत्या घोरण्याला आणि सौम्य-मध्यम त्रासाला माउथपीस चांगलं. तीव्र असेल तर आधी सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचं नाव घेतात, आणि ते अजिबातच सहन होत नसेल तर माउथपीसचा विचार करतात.

एवढा आग्रह का? कारण माउथपीस बहुतेकांचा आवाज कमी करतं, पण श्वास थांबणं प्रत्येकाचं तितकंच कमी होतं असं नाही. आवाज होता तोवर घरात निदान कुणाला तरी काळजी होती. तो गेला की सगळे निर्धास्त झोपतात आणि आतला त्रास चालूच राहू शकतो. अमेरिकेतल्या झोपेच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अ‍ॅप्नियाच्या रुग्णाची साधन तोंडात असताना पुन्हा झोपेची तपासणी करा, असं सांगितलंय. आपल्याकडे ही दुसरी तपासणी सर्रास गाळली जाते. पहिलीही गाळतात. आमच्याकडे येणाऱ्या ऑर्डरच्या कागदावर कधी कधी ‘स्नोअरिंग अप्लायन्स, क्लिअर’ एवढंच असतं. हे साधन खालचा जबडा पुढे धरून काम करतं, पण तो किती पुढे घ्यायचा त्याचा आकडासुद्धा नसतो. असा कागद आला की आम्ही फोन करून विचारतो.

आता वस्तू. जीभ खालच्या जबड्याला आतून पुढच्या बाजूला बांधलेली असते. जबडा पुढे सरकला की जीभ सोबत येते, मऊ टाळूच्या मागची जागाही रुंदावते आणि हवेला वाट मिळते. सगळी करामत एवढीच. माप घेताना डॉक्टर एक पट्टीसारखं उपकरण पुढच्या दातांत धरायला देतात. जबडा जेवढा मागे जाईल तेवढा न्या, मग जेवढा पुढे येईल तेवढा आणा. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि सुरुवात साधारण अर्ध्यावर किंवा त्याहून थोडं पुढे करतात. त्या स्थितीत दातांमध्ये पुट्टी भरून चाव्याची नोंद घेतात. आमच्याकडे वरच्या आणि खालच्या दातांचे ठसे, किंवा आता स्कॅनची फाइल, आणि ही नोंद येते. त्यावर आम्ही दोन वेगळे ट्रे करतो. कडांना बारीक स्क्रू असलेले पंख किंवा दांड्या जोडतो. स्क्रू चावीने फिरवला की जबडा पाव-अर्धा मिलिमीटर पुढे येतो. काही आठवडे हळूहळू पुढे नेत जायचं; घोरणं थांबलं किंवा सांधा दुखायला लागला की थांबायचं. किती फिरवायचं ते डॉक्टर ठरवतील. घाई करून एकदम चार-पाच फेरे देणारे लोक सकाळी तोंड उघडत नाही म्हणून फोन करतात.

ऑनलाइन माउथपीसमध्ये हेच नसतं. गरम पाण्यातून काढलं, आरशासमोर अंदाजाने जबडा पुढे केला, चावलं, झालं. बहुतेकांत नंतर पुढे-मागे करायची नीट सोय नसते. जाड असतं, ओठ मिटत नाहीत, लवकर सैल पडतं आणि सकाळी उशीखाली सापडतं. आणि झोपेत दात खाणाऱ्यांना मिळणारा नाइट गार्ड म्हणजे हे नव्हे. तो जबडा पुढे घेत नाही, आणि अ‍ॅप्निया असलेल्या काहींचा त्रास त्याने वाढूही शकतो.

त्रास काय होतो तेही ऐका. पहिले काही दिवस लाळ फार सुटते, कुणाचं तोंड उलट कोरडं पडतं. सकाळी जबडा आणि दात दुखतात, चावा जुळत नाही असं वाटतं. त्यासाठी सकाळी थोडा वेळ चावायला छोटी पट्टी देतात, ती वापराच, कंटाळा करू नका. वर्षानुवर्षं वापरल्यावर मात्र चावा कायमचा थोडा बदलू शकतो: वरचे पुढचे दात मागे, खालचे पुढे. दरवर्षी दाखवून यायचं ते याचसाठी. हिरड्या सैल असतील, दात फार कमी उरले असतील, वरची पूर्ण कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा आधीच दुखत असेल, तर हे साधन तुमच्यासाठी नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं.

सीपॅप की हे, असं इथे नेहमी विचारतात. मास्कवाल्या सीपॅपने श्वास थांबणं जास्त कमी होतं, यात वाद नाही. पण बरेच जण मास्क रात्री मध्येच काढून ठेवतात आणि माउथपीस रात्रभर राहतं, म्हणून सौम्य-मध्यम त्रासात दोन्हींचा फायदा जवळपास येतो. शिवाय गणपतीला कोकणात गावी गेलात आणि रात्री लाइट गेली तरी माउथपीसचं काही अडत नाही. वजन, रात्रीचं पिणं आणि उताणं झोपणं हे तिन्ही बघावं लागेलच.

पैसे देण्याआधी एवढं विचारून घ्या: किमतीत स्क्रू सेट करायच्या भेटी धरल्यात का, सैल पडलं तर लॅबकडे परत पाठवणार का, आणि सकाळची पट्टी सोबत मिळणार का. खासगी भाव झेपत नसेल तर नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठ्याला डेंटल कॉलेजं आहेत. तिथल्या कवळीच्या विभागात, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्सला, हे करतात का ते विचारा. धुताना थंड पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाण्याने वाकडं झालेलं साधन आम्हालाही सरळ करता येत नाही.

आणि एखादा दात किडलेला असेल, कॅप बसवायची असेल, तर ते काम आधी उरकून घ्या. माप दिल्यावर दाढेवर नवी कॅप बसली की जुना ट्रे त्या दातावर बसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.