मेक्सिकोतली चकचकीत काळी मातीची भांडी रंगवलेली असतात का?

नाही, त्यांना रंगाचा हातही लावत नाहीत. ही भांडी ओआहाका राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावची. भाजताना भट्टी बंद करतात. आत धूर कोंडतो, हवा मिळत नाही आणि माती काळी पडते. चकाकी मात्र अलीकडची. पूर्वी ही भांडी करडी, बिनचमकीची असत. त्यांतून मेस्काल ही दारू नेत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने अर्धवट सुकलेलं भांडं गारगोटीने घासलं, जरा कमी आचेवर भाजलं आणि ते लखलखीत काळंभोर निघालं! पण घेतलंत तर त्यात पाणी साठवू नका, झिरपतं. मला विचाराल तर ती जुनी करडी घागरच जास्त देखणी.