दोन वर्षांचा मुलगा आणि तीन-चार महिन्यांचं बाळ, परदेशात फिरायला जावं का? घरातले सगळे नको म्हणतायत

जा. मी तरी जाच म्हणेन, पण लांबच्या ठिकाणी नको आणि तीन शहरं करत फिरू नका.

आम्ही पुण्याचे, मुंबईहून फ्लाइट धरून सिंगापूरला आठ दिवस गेलो होतो, तेव्हा धाकटा साडेचार महिन्यांचा होता आणि मोठी दोन वर्षांची व्हायला चार दिवस बाकी होते. आमच्याकडेही हेच झालं होतं, सासूबाई म्हणाल्या एवढ्याशा जिवाला कशाला विमानात घालता, आणि त्यांची काळजी खरीच होती. आम्ही आधी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, चौदाव्या आठवड्याचं लसीकरण होऊ दिलं, डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच तिकिटं काढली. तुम्हीही हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. सगळे बाळाचा विचार करतात, पण ट्रिप आखायची ती मोठ्याला धरून. अंगावर पिणाऱ्या बाळाचं जेवण आईबरोबरच असतं, ते कॅरिअरमधे छातीशी बांधलं की झोपतं, त्याला समोर समुद्र आहे का मॉल याच्याशी काही घेणंदेणं नसतं. मोठ्याचं मात्र घर बदलतं, झोप बदलते, जेवण बदलतं, आणि आधीच चार महिने त्याला उठता बसता "थांब हं, बाळाला घेऊ दे" ऐकावं लागलेलं असतं.

आमचा दुसरा दिवस त्यामुळेच बिघडला. सकाळी मंडाई भागातलं प्राणिसंग्रहालय, तिथेच जेवण, मग तसंच गार्डन्स बाय द बे ही मोठी बाग असं ठरवलं होतं. प्राणिसंग्रहालयात आमची मोठी खूप खूश होती, ओरांगउटान डोक्यावरच्या दोरांवरून झुलत जातात ते बघून टाळ्या वाजवत होती, म्हणून आम्हाला वाटलं चाललंय की छान. दुपारी अडीचला गेटजवळ जमिनीवर आडवी झाली आणि पाऊण तास रडली, काही केल्या उचलू देईना. हट्ट नव्हता तो, तिची झोप गेली होती आणि तिला ते सांगता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर आम्ही नियमच केला, दिवसाला एकच ठिकाण, साडेबाराला खोलीवर परत, दुपारी चौघंही झोपणार, संध्याकाळी जमलं तर बाहेर. तिथलं हवामानही असंच सांगतं, विषुववृत्ताला अगदी लागून आहे ते, बारा महिने दमट उकाडा आणि दुपारी कधीही पाऊस.

वेळेचं एक सांगते कारण आम्हाला त्याचा फार उपयोग झाला. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. मुलं इथे नऊला झोपत असतील तर तिथे साडेअकरा वाजतात. आम्ही ते बदलायला गेलोच नाही. सकाळी नऊ साडेनऊला उठायचं, आणि संध्याकाळी पावणेआठला गार्डन्स बाय द बेमधे सुपरट्रीजचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, लाइटचा शो असतो तेव्हा मुलांच्या शरीराला सव्वापाचच वाजलेले असतात, एकदम ताजी. युरोप वगैरेला हे इतकं सोपं नाही जमत.

फ्लाइट साडेपाच तासांची आहे, रात्रीची घेतली की मुलं झोपतात हे खरं, पण सकाळी सात आठला उतरता आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. दोन पोरं, बॅगा आणि रात्रभर न झोपलेले आईबाप लॉबीत सहा तास बसणं नको, आदल्या रात्रीचे पैसे भरा नाहीतर दिवसाची फ्लाइट घ्या. फ्लॅट भाड्याने घ्यायचा विचार असेल तर सिंगापूरमधे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला देणं बेकायदेशीर आहे, तेव्हा हॉटेल नाहीतर सर्व्हिस अपार्टमेंट. आम्ही छोटं किचन असलेलं अपार्टमेंट घेतलं, रोज एक वेळ मऊ भात, मेतकूट, तूप. बाहेर लिटल इंडियात इडली, दहीभात कुठेही मिळतो, मोठीने कोमला विलासमधे रोज इडली मागितली आणि आम्ही रोज दिली.

खाण्यावरून आठवलं, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू सोबत नेणार असाल तर त्यात खसखस आहे का बघा. सिंगापूरमधे खसखस न्यायला बंदी आहे, आखातातल्या काही देशांतही आहे. माझ्या आईने मुद्दाम खसखस न घालता अळिवाचे लाडू करून दिले, ते मी आठ दिवस खाल्ले आणि मला त्यांचा फार आधार झाला, कारण अंगावर पाजत दिवसभर चालायचं म्हणजे सारखी भूक लागते. बाळालाही उकाड्यात जास्त वेळा घ्यावं लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी द्यायचं नसतं, कोणी कितीही म्हणालं तरी.

तिकिटाचं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण वय प्रत्येक फ्लाइटच्या तारखेला मोजतात. आमची मोठी ट्रिपच्या मधेच दोन वर्षांची झाली म्हणजे येताना तिला सीट लागणारच होती, मग आम्ही जातानाही घेतली आणि बरं झालं, आडवी झोपली तरी. बाळासाठी पाळणा हवा असेल तर बुकिंग झाल्या झाल्या एअरलाइनला फोन करा, तो फक्त पुढच्या भिंतीसमोरच्या रांगेत लागतो आणि मोजकेच असतात. विमान चढताना उतरताना बाळाला पाजा, गिळलं की कानातला दाब कमी होतो, मोठीला आम्ही पाण्याची स्ट्रॉची बाटली दिली.

कागदपत्रांना मात्र आत्ताच लागा. आमच्या बाळाचं बारसं उशिरा झालं, जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी होती, ते आधी महापालिकेत जाऊन घालून घेतलं आणि मगच पासपोर्टचा अर्ज केला, त्यात तीन आठवडे गेले. फोटोला बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढायचा, दूध पिऊन झाल्यावर डोळे उघडे असतात तेव्हा. बाळालाही वेगळा व्हिसा लागतो, आणि अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं ते प्रत्येकाचं, उतरायच्या आधी तीन दिवसांत, त्याला पैसे लागत नाहीत.

स्ट्रोलर आम्ही विमानाच्या दारात दिला होता, उतरताना तिथेच मिळेल असं सांगितलं होतं, आला तो बेल्टवर. तिथपर्यंत नवऱ्याने मोठीला खांद्यावर आणि मी धाकट्याला कॅरिअरमधे आणलं. कॅरिअर नसता तर रडू आलं असतं मला. शहरात फिरायला मात्र स्ट्रोलरला तोड नाही, मेट्रो स्टेशनला लिफ्ट, बसमधेही उघडा स्ट्रोलर चालतो, मॉलमधे बाळाला पाजायच्या बंद खोल्या, गरम पाणी, सगळं. फक्त मेट्रोत खायला प्यायला मनाई आहे, दंड होतो, तेव्हा बिस्किट स्टेशनात शिरायच्या आधीच खाऊ घाला. आणि टॅक्सी घ्या ती साधी रस्त्यावरची, ॲपवरच्या खासगी गाडीत लहान मुलाला चाइल्ड सीट लागतेच, टॅक्सीला त्यातून सूट आहे.

सगळ्यात चांगला दिवस कुठला म्हणाल तर ज्या दिवशी आम्ही पैसे खर्चच केले नाहीत तो. बोटॅनिक गार्डनमधे जेकब बॅलस नावाची मुलांची बाग आहे, फुकट, तिथे लहान मूल बरोबर असल्याशिवाय मोठ्यांना आत सोडतच नाहीत. कारंजी आहेत, वाळू आहे. मी झाडाखाली धाकट्याला पाजत बसले होते आणि ती अडीच तास बाबाबरोबर वाळूत होती, अडीच तासांत तिला एकदाही कोणी थांब म्हणालं नाही. मग स्वतःच आली, ओल्या हाताने बाळाचा पाय धरला आणि म्हणाली, "बाळाला पण वाळू." चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याला आपणहून काहीतरी द्यायला आणलं होतं.

तुमची तारीख ठरली की फ्लाइटची वेळ इथे लिहा, बाळाच्या वयाप्रमाणे औषधांच्या पिशवीत आम्ही काय काय नेलं होतं ते सांगते, डॉक्टरांना दाखवून घ्या.