माजी जनरलला शहराचा गव्हर्नर केलं तर शहर सुधारतं का? जकार्ताच्या सुतियोसोंबद्दल काय सांगाल?

जकार्ता थोडंफार सुधारलं, पण ते जनरलमुळे नाही. सुतियोसोंच्या शेवटच्या वर्षांत मी नोकरीनिमित्त तिथे होतो. पुण्यातले आमचे मोठे मेहुणे आजही म्हणतात, "एक मिलिटरीवाला आणून बसवा, सहा महिन्यांत सगळे सरळ येतील." तुमच्या प्रश्नात मला तेच ऐकू आलं, म्हणून लिहितोय.

आधी माणसाबद्दल. 1996 मध्ये सुतियोसो जकार्ता लष्करी विभागाचे प्रमुख होते. त्या वर्षी 27 जुलैला विरोधी नेत्या मेगावतींच्या समर्थकांच्या ताब्यातल्या पक्ष कार्यालयावर हल्ला झाला, पाच माणसं मेली. पुढच्या वर्षी, हुकूमशहा सुहार्तोंच्या राजवटीत, ते गव्हर्नर झाले. 2002 मध्ये दुसऱ्यांदा निवडून आले तेही लोकांच्या नव्हे, शहराच्या विधिमंडळाच्या मतांवर, आणि तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच मेगावतींच्या पाठिंब्याने. मेगावतींच्या कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला अजून छळतो.

आता बसबद्दल, कारण तिथे मी स्वतः साक्षीदार आहे. आमचं ऑफिस सुदिरमान रस्त्यावर होतं. गर्दीच्या वेळी तिथे 'थ्री-इन-वन' असायचं, म्हणजे गाडीत तीन माणसं नसतील तर प्रवेश नाही. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे फुटपाथवर 'जोकी' उभे असत, पैसे घेऊन गाडीत बसणारे. कडेवर तान्हं मूल असलेली बाई मिळाली की एका खेपेत दोन माणसं भरायची. आमचा ड्रायव्हर अशाच बाईला घ्यायचा. एसीच्या झोतात झोपलेलं ते पोर मला बघवेना. मी ड्रायव्हरला सांगितलं, मला बसवेच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेच्या, थांब्यावर सोड. ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं, मॅनेजर बसने येत नाही म्हणाले. साडेतीन हजार रुपियांचं तिकीट, उंच फलाट, त्याच उंचीवर उघडणारं बसचं दार. शेजारच्या मार्गिकांमध्ये साहेब लोकांच्या गाड्या खोळंबलेल्या आणि आमची बस पुढे. एका बैठकीला तर मी आमच्या डायरेक्टरांच्या आधी जाऊन बसलो होतो. पुढे त्यांनीच आपल्या सेक्रेटरीला बसने यायला सांगितलं.

ब्लोक एम ते कोता हा जवळजवळ 13 किलोमीटरचा पहिला मार्ग जानेवारी 2004 मध्ये सुरू झाला. नमुना कोलंबियातल्या बोगोताचा. रस्त्यातली एक मार्गिका गाड्यांकडून काढून घेतली म्हणून सुतियोसोंना भरपूर शिव्या पडल्या. ते मागे हटले नाहीत, आणि 2007 मध्ये पायउतार झाले तेव्हा असे सात मार्ग चालू होते. हे श्रेय त्यांचंच.

पण मेहुण्यांचा तर्क इथेच कोसळतो. 1966 पासून 2007 पर्यंत जकार्ताचे सगळे गव्हर्नर सैन्यदलांतूनच आलेले होते. नुसत्या शिस्तीने काम होत असतं तर बसला 2004 का उजाडलं? शिवाय जकार्ताचा गव्हर्नर प्रांताचा प्रमुख असतो. शहराच्या पाचही भागांचे महापौर तोच नेमतो, आणि सुतियोसोंना सलग दहा वर्षं मिळाली. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा, आयुक्ताची बदली कधीही, बस कंपनी वेगळी, वाहतूक पोलीस वेगळे. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हीच कल्पना आली आणि ती फसली. नगर रस्त्यावरची मार्गिका तर उखडूनच टाकली. त्या खुर्चीवर फील्ड मार्शल बसवला असता तरी तेच झालं असतं.

आणि हे सांगायलाच हवं, की शिस्तीचा मार गरिबांवर पडला. सायकलरिक्षा जप्त झाल्या, झोपड्या पाडल्या, फेरीवाले हटवले. आमच्या ड्रायव्हरच्या भावाची रिक्षाही अशीच गेली. 2002 आणि 2007 च्या पुरांनी शहर बुडालं, 2007 ला तर निम्म्याहून जास्त. मोनोरेलचं काम 2004 मध्ये सुरू झालं, खांब उभे राहिले, गाडी कधी धावलीच नाही. त्या सरळ नगररचनेच्या आणि पैशाच्या गोष्टी होत्या, तिथे हुकूम चालत नाही.

तुम्ही कोणत्या शहरातून विचारताय ते लिहिलेलं नाही. तिथे एखादे निवृत्त अधिकारी उभे राहत असतील तर हुद्द्यावर जाऊ नका. बसची मार्गिका गाड्यांकडून घेणार की फुटपाथकडून, हलवलेल्या वस्तीला घर कुठे देणार, आणि हे सगळं करायचा अधिकार त्या पदाला आहे का, हे विचारा. मेहुण्यांनाही मी दर वेळी हेच तीन प्रश्न विचारतो, आणि दर वेळी ते सैन्याच्या शिस्तीवर परत येतात.